सहावं कामून

शालनबाईंना समुद्र दाखवायचा बेत त्यांच्या लेकीचा. समुद्राचा स्वतःचा त्यात काही हात नव्हता.

बेत घाईघाईने ठरला, कारण पुढे सोमवार होता. सोमवारी सकाळी साडेआठला चाकणच्या कंपनीत शालनबाईंनी एका कागदावर सही करायची होती. ‘माझ्या दुर्लक्षामुळे सदोष माल ग्राहकाकडे गेला, हे मला मान्य आहे,’ असं त्यावर आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. म्हणजे मान्य करण्याचे कष्टही कंपनीने वाचवले होते. सही केली तर तपासणीतून पॅकिंगला बदली. नाही केली तर ठेकेदार गेटपास जमा करून घेणार. तीन दिवस झाले, रहाटणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत भांडी अशी आपटत होती की खालच्या मजल्यावरच्या बाईने येऊन विचारलं, घर बदलताय का?

लेक स्वप्नाली चऱ्होलीला दिलेली. ती फोनवर म्हणाली, “आई, रविवारी आमच्यासोबत चल. समुद्राला जाऊन येऊ. डोकं थंड होईल, आणि सोमवारी सही करून मोकळी हो.”

“माझं डोकं थंडच हाय. तळपायाला आग लागलीय, ती येगळी.”

पण जावई स्वतः घ्यायला येणार म्हटल्यावर नाही म्हणता येईना. नवऱ्याला, भिवाला, ताथवड्याच्या सोसायटीच्या गेटवर रविवारचीही ड्युटी होती. तो म्हणाला, “जा. तेवढीच भांडी वाचतील.”

शालनबाई एकोणपन्नास वर्षांच्या. माहेर केज तालुक्यातलं. गेली सतरा वर्षं त्या वायपर बनवणाऱ्या कंपनीत शेवटच्या तपासणीवर होत्या. काम असं: पुढे एक तिरकी काच, वरून फवारे, आणि काचेवर नवाकोरा वायपर. तो दहा वेळा फिरवायचा, काच बघायची, आवाज ऐकायचा. चांगला असेल तर आपला चौदा नंबरचा शिक्का मारायचा, नसेल तर लाल पेटीत टाकायचा. चाकणला बाहेर ऊन असो की थंडी, शालनबाईंच्या टेबलावर आठ तास पाऊस. तो त्यांनी इतका पाहिला होता की खऱ्या पावसाचं त्यांना फारसं अप्रूप उरलं नव्हतं.

सतरा वर्षं खरी, पण ठेकेदाराच्या कागदावर त्या दर सात महिन्यांनी ब्रेक घेऊन नव्याने रुजू होत. त्यामुळे त्या कंपनीतल्या सगळ्यांत जुन्या नवख्या होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले कायम झाले, साहेब झाले, एकजण तर जर्मनीला जाऊन तिथली थंडी कशी असते ते सांगायला परत आला. शालनबाई पावसातच राहिल्या.

त्यांचा कान मात्र सगळ्या कंपनीला ठाऊक होता. ‘चर्र’ वाजलं तर रबराच्या धारेला कचरा. ‘टक्’ वाजलं तर सांधा ढिला. ‘गुर्रर्र’ झालं तर रबर काचेवर नीट सरकत नाही, थरथरतं. हे तीन आवाज त्यांनी दोन वर्षांपूर्वी ताथवड्याच्या कॉलेजातून नव्याने आलेल्या रणजीतसरांनाही शिकवले. सरांनी वहीत लिहून घेतले. ‘गुर्रर्र’ला इंग्रजीत काय म्हणतात ते सरांनी त्यांना सांगितलं. शालनबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आवाज काही इंग्रजीत होत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सोडून दिली होती. पहिल्याच वर्षी एका साहेबांना त्यांनी सरळ गावच्या बोलीत विचारलं होतं, “ह्यो माल कामून परत आला?” कामून म्हणजे का, कशासाठी. केजकडे लहान पोरही हाच शब्द घेऊन रांगायला लागतं. पण अख्खी लाईन खो खो हसली, आणि पुढे कित्येक महिने त्या ‘कामूनबाई’ होत्या. तेव्हापासून कंपनीत त्या ‘का’ म्हणत. तेही कमीच. विचारण्याचं काम वरच्या लोकांकडे असतं, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं.

वरच्या लोकांचं विचारण्याचं एक शास्त्र होतं. माल परत आला की मीटिंग बसायची आणि ‘व्हाय-व्हाय’चा फॉर्म भरायचा. एकामागे एक पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं म्हणे. या जूनमध्ये गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून तक्रार आली: नव्या गाड्यांचे वायपर पावसात गुर्रर्र करतात. मीटिंग बसली. ग्राहकाने तक्रार का केली? वायपर आवाज करतो. आवाज का करतो? रबर थरथरतं. का थरथरतं? धार सदोष आहे. सदोष माल बाहेर का गेला? तपासणीत सापडला नाही. तपासणीत का सापडला नाही? तपासणाऱ्या महिलेचे दुर्लक्ष.

फॉर्मवर रकाने पाचच असल्यामुळे विचार तिथे थांबला. मीटिंगला शालनबाईंना बोलावलेलं नव्हतं. फॉर्मखाली ‘तयार करणार’ म्हणून रणजीतसरांची सही होती.

रविवारी पहाटे जावई आले. दिग्विजयरावांचं घराणं चऱ्होलीचं जुनं. आजोबा ज्या रानात हरभरा पेरत, तिथे आता अकरा मजले होते, आणि दिग्विजयराव उरलेल्या रानांचे व्यवहार बघत. गाडी नवी, पांढरीशुभ्र, मे महिन्यात घेतलेली; त्याच मोठ्या कंपनीची. सासूबाईंना मान म्हणून पुढे बसवलं.

“मामी, बेल्ट लावा. आन आज कंपनीचं नाव न्हाई काढायचं. आमी आज फकस्त समुद्र बघनार हाय.”

“कंपनी तर तुमच्या काचंवर बसलीय की,” शालनबाई म्हणाल्या. “ह्या गाडीला आमचाच वायपर असतोय.”

मागून स्वप्नालीने सुस्कारा सोडला. गाडीने अजून हिंजवडीसुद्धा ओलांडली नव्हती.

ताम्हिणीत पाऊस मुसळधार. प्रत्येक धबधब्याखाली पुण्या-पिंपरीची निम्मी जनता उघड्या अंगाने उभी राहून निसर्गाचं रक्षण करत होती. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गाड्यांतली गाणी. वायपर जोरात चालू होते, आणि आवाज अजिबात नव्हता. शालनबाई ऐकत होत्या. माणगाव आलं, म्हसळा गेलं, त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही.

“आई, डोंगर बघ ना.”

“बघतीय.”

“तू काच बघतीयेस.”

“डोंगर काचंतूनच दिसतंय ना?”

दिवेआगर सोडलं, रस्ता समुद्राला लागला, आणि पाऊस उतरून बारीक भुरभुर झाली. उजव्या हाताला अरबी समुद्र आला तो थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. काळसर, फेसाळलेला, लाटा दगडांवर फुटून शिंतोडे पार गाडीवर. डाव्या हाताला हिरवीगार टेकडी, तिच्यावरून पांढऱ्या धारा. दिग्विजयरावांनी गाडी हळू केली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “बगा मामी. ह्याला म्हनत्यात निसर्ग.”

तेवढ्यात काच म्हणाली, गुर्रर्र.

शालनबाई काचेकडे वाकल्या. परत, गुर्रर्र. जाताना थरथर, येताना थरथर, काचेवर पाण्याच्या फण्या उमटलेल्या.

“थांबवा गाडी.”

“पुढं लई भारी पॉइंट हाय, तिथं—”

“पॉइंट गेला खड्ड्यात! थांबवा म्हणते ना!”

त्या पदर डोक्यावर घेऊन उतरल्या, वायपर उचलला आणि त्याच्या टोकापाशी डोळे नेले. महिन्याची खूण एप्रिलची. शेजारी इवलासा गोल शिक्का. त्यात चौदा.

समुद्र मागे आपटत होता. त्यांनी रबराच्या धारेवरून नख फिरवलं, मग बोटाचं पेर, मग परत नख. कुठे दात नाही, चीर नाही, कचरा नाही. धार सुतासारखी सरळ. तरी कानाने ऐकलं ते ऐकलंच होतं. सतरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या कानावर कधी शंका घेतली नव्हती. आता घेतली. मग तीन दिवस आपण भांडी कशाला आपटली, असाही विचार मनात येऊन गेला.

गाडीत येऊन बसल्या. साडीचं पाणी नव्या सीटवर निथळू लागलं. दिग्विजयरावांनी ते पाहिलं आणि गिळलं.

“माझाच शिक्का हाय,” त्या म्हणाल्या. “म्हंजी माझंच चुकलं असंल. करते सही.”

“देवच पावला,” स्वप्नाली म्हणाली. “चला, चहा घेऊ.”

शेखाडीच्या अलीकडे रस्त्याकडेला ताडपत्रीची टपरी होती. चालवणारी रुक्मिणीबाई चुलीशी बसलेली. दिग्विजयरावांनी गाडी वळवून मागे घ्यायला सुरुवात केली. गाडी मागे घेताना पाऊस असला की मागच्या काचेचा वायपर आपोआप सुरू होतो, अशी त्या गाडीत सोय. तो सुरू झाला. शालनबाई मान वळवून बघत होत्या. एक फेरी. दोन. तीन. चार.

आवाज नाही.

तीच भुरभुर, तीच गाडी, आणि रबरही तेच. पुढचं-मागचं एकाच मशीनवर कापतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? पुढचे दोघे ओरडतायत आणि मागचा गपगुमान पुसतोय.

“कामून?” शालनबाई मोठ्याने म्हणाल्या.

“काय झालं?”

“मागला गप हाय आन म्होरला कामून वरडतोय? दिग्विजयराव, म्होरल्या काचंला काय केलंय तुमी?”

“काय केलंय म्हंजे? काय न्हाई.” मग दिग्विजयरावांचा चेहरा उजळला. “आँ, कोटिंग केलंय की! शोरूमवाल्यानंच करून दिलं. लई महागातलं. पानी थांबतच न्हाई काचंवर. कमळाचं पान जनू. त्यो म्हनला, सर, सगळ्यांनाच करतो आमी.”

“मागल्या काचंला?”

“मागं न्हाई. मागं कोन बघतंय?”

शालनबाईंनी पुढच्या काचेवर बोट ठेवलं. थेंब गोल होऊन पळत होते, काच मात्र खाली कोरडीच. ताम्हिणीच्या मुसळधार पावसात तिला कोरडी पडायला उसंतच नव्हती, म्हणून तिथे वायपर गप होते. ओल्या काचेवर सरकायला केलेलं रबर कोरड्या काचेवर घासलं जाणार. ते थरथरणार नाही तर काय करणार? कंपनीतली त्यांची काच साधी होती. तिला कोणी कमळ केलेलं नव्हतं.

मग त्या ज्या संतापल्या, त्याला तोड नाही. “वायपर आमचा, धार आमची, शिक्का माझा, आन वर मेण चोपडणार ह्ये! आन सही कोण करणार? तर शालन! पाच पाच डोकी बसली त्या मीटिंगला. एकाला तरी वाटावं, जाऊन काच बघावी? एकानं तरी काचंला हात लावावा?”

“काय झालं गो बाय?” रुक्मिणीबाईंनी चुलीपाशी बसूनच विचारलं.

“बाई, राख हाय का चुलीतली? चाळलेली?”

“राख हाय. पण चहात घालाची नाय ना?”

दिग्विजयरावांना बेत कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा ते गाडीपुढे हात पसरून उभे राहिले. “मामी, न्हाई. मामी, नवी गाडी हाय. आवो, वॉरंटी हाय त्या कोटिंगला!”

“निम्मीच काच. माझ्या बाजूची. तुमची न्हाई लावत हात.”

“निम्मी काच असती का राव कुठं!”

“दिग्विजयराव, उद्या माझ्या कपाळावर ‘दुर्लक्ष’ असं लिहिणार हायत. तुमाला काचंचं पडलंय.”

जावई बाजूला झाले. रुक्मिणीबाईंनी राखेचं वाडगं आणि जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, आणि बघायला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मते काच अजून डावीकडे वर राहिली होती. अर्धा तास शालनबाई त्या भुरभुरीत ओल्या राखेने काचेवरचं कोटिंग घासून काढत होत्या. समुद्र बघायला थांबलेल्या दोन गाड्यांनी समुद्र सोडून यांचेच फोटो काढले.

मग धुतलं, वायपर लावले. डावीकडचा गेला, आला, गेला. गप. उजवीकडचा, गुर्रर्र. डावीकडे पाणी पसरून एकसारखं पुसलं जात होतं, उजवीकडे फण्या. दिग्विजयराव उतरले, मोबाईल काढला, आणि निम्म्या काचेचं, मग शिक्क्याचं, मग मागच्या वायपरचं शूटिंग केलं. शेवटी स्वतःचा आवाज घातला: “आज रविवार. पाऊस बारीक. हितं शेखाडी.” साक्षीदार म्हणून त्यांनी अनेक खरेदीखतांवर सह्या केल्या होत्या, काय काय नोंदवायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर स्वप्नाली म्हणाली, “बरोबर आहे तुझं, आई. पण तरी सही करून टाक. कशाला वाद? पॅकिंगला बसून काम असतं.”

शालनबाईंनी मागे वळून लेकीकडे पाहिलं. “तुझ्या गणिताच्या पेपरला मास्तरनं बरोबर उत्तराला शून्य दिलं व्हतं. आठवतंय? साळंत कोण गेलं व्हतं भांडाय?”

स्वप्नालीने खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र संपला होता.

सोमवारी साडेआठला रणजीतसरांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता आवाज ऐकला. त्यांना तसं ऐकायला कोणी शिकवलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

“मावशी, बरोबर आहे हे,” ते म्हणाले. “शंभर टक्के. पण फॉर्म कस्टमरकडे गेलाय. क्लोज झालाय.”

“मग उघडा.”

“असा उघडत नाही तो.”

“सर, पाच वेळा ‘का’ विचारलं तुमी. सहाव्यांदा कामून न्हाई विचारलं?”

सतरा वर्षांनंतर तो शब्द कंपनीत परत आला, आणि या वेळी कोणी हसलं नाही. रणजीतसर उठून मोठ्या साहेबांकडे गेले. दुपारी साधी आणि कोटिंगची, अशा दोन काचा शेजारी शेजारी लावून वायपर फिरवले गेले. जे रहाटणीच्या बाईला वाडगाभर राखेत कळलं ते कंपनीला आवाज मोजण्याच्या यंत्रावर कळलं. चार दिवसांत फॉर्म उघडला. सहीचा तो कागद कोणीतरी गुपचूप उचलून नेला. माफी मागायची तशी काही पद्धत नव्हती.

गुरुवारी शालनबाईंना ऑफिसात बोलावलं. या वेळी बसायला खुर्ची दिली. नवा फॉर्म तयार होता, आणि त्यावर ‘पडताळणी करणार’ या जागी त्यांचं नाव टाईप केलेलं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मोठे साहेब म्हणाले, “मावशी, तुमचंच श्रेय. सही करा आणि आपल्या टेबलावर जा.”

शालनबाई सावकाश वाचतात. सगळं वाचलं. रबर का थरथरतं? काच कोरडी राहते. का कोरडी राहते? कोटिंग आहे. आणि अगदी खाली, पाचवा रकाना: ‘शोरूममधील कोटिंग करणाऱ्या कामगाराचे दुर्लक्ष.’

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“ह्या पोराचं नाव काय?”

साहेबांनी रणजीतसरांकडे पाहिलं. “नाव... नाव नसतं टाकायचं.”

“त्याला बोलावलं व्हतं मीटिंगला?”

“मावशी, तो आपल्याकडचा नाही. डीलरचा माणूस आहे.”

“त्यानं आपल्या मनानं चोपडलं का? सगळ्यांना चोपडा म्हणून कुणी सांगितलं त्याला? आन काच बदलली ह्ये आपल्याला कुणी कळवलं न्हाई, त्ये कामून?”

“मावशी,” साहेब समजुतीने म्हणाले, “तुमच्यावरचं गेलं ना आता?”

हे वाक्य त्यांनी मनापासून, बाईंच्या भल्यासाठी म्हटलं होतं. म्हणूनच शालनबाईंना ते जास्त झोंबलं. त्या उठल्या, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि म्हणाल्या, “ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिवा, मग करते.”

गेटपास जमा होईल असं भिवाने गृहीत धरलं होतं. तो झाला नाही. पावसाळा ऐन भरात, गाड्यांची मागणी जोरात, आणि तपासणीवर बसवलेल्या नव्या पोरींना ‘चर्र’ आणि ‘गुर्रर्र’ सारखेच ऐकू येत होते. शालनबाई शुक्रवारी आपल्या टेबलावर, आपल्या पावसात परत बसल्या. त्यासाठीचा कागद कोणी काढला नाही, त्यामुळे त्यावर सही करायचाही प्रश्न आला नाही.

दर गुरुवारी आढावा मीटिंग होते. भिंतीवरच्या यादीत ती तक्रार अजून लाल आहे. मोठे साहेब विचारतात, “हे अजून ओपन का?” रणजीतसर वहीत बघून सांगतात, “सही बाकी आहे, सर.” मग साहेब विचारतात, कुणाची? सर खाली, तपासणीच्या लाईनच्या दिशेने हात करतात. तिथे बाई वायपर फिरवत असतात. दहा वेळा, कान लावून.